साठाव्या लेव्हलचा शेतकरी

मित्रांनो, माझ्या आजच्या गेमची खरी किंमत सांगतो: सूर्यमाळच्या एका मावशींची शेवटची बस.

कॉम्प्युटर मी पत्त्यांच्या गेमवर शिकलो, गाड्यांच्या शर्यतीवर हात बसवला. त्या गेम आजही प्रिय आहेत. पण ही मोबाइलवरची शेतीची गेम? शिसारी आलीय. भात दोन मिनिटांत पिकवते आणि विहिरीच्या पाण्यालाही पैसे मागते.

मावशी सुनेला घेऊन जव्हारच्या माझ्या ऑनलाइन कामांच्या दुकानात रेशनकार्डाच्या कामाला आल्या होत्या. "सर्व्हर स्लो आहे, बसा," म्हणत मी मोबाइलवर कापणी करत राहिलो.

माझे कान तिखट. मावशी सुनेला कुजबुजल्या, "सर्व्हर नाय गं, त्याचा भात कापायचा रायलाय."

मग मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, रोपाच्या वाफ्यात राब भाजला नाय, रोप लावलं नाय, मग भात आला कुठून?"

"साठावी लेव्हल, मावशी! अख्ख्या जव्हारात माझ्याएवढं पीक कुणाचं नाही."

तेवढ्यात बस सुटली. खाली मान घालून मी त्यांचं काम केलं, दोघींना माझ्या गाडीने घरी सोडलं. तुमच्याकडूनही असं होतं का हो?

उतरताना मावशींनी विचारलं, "तुझं खरं शेत कुठं, भाऊ?"

साखरशेतला आहे. तीन वर्षं पडीक.