नकाशावरचं बोट

पालिकेत शहराचा नवा विकास आराखडा भिंतीवर लावलाय. येणारा प्रत्येक जण नकाशात बोटानं आपलं घर शोधतो आणि ते सुखरूप दिसलं की निघून जातो. मीही निघालोच होतो. शेजारी एका आजोबांचं बोट मात्र मैदानावर अडलं होतं. जुन्या नकाशात हिरवं असलेलं मैदान आता पिवळं झालंय. तिथं इमारती येणार.

"हरकत लिहून द्या, काका," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

"देतो हो. पण एवढा बदल करताना सगळ्या गावाचं मत का नाही घेत?"

बाईंनी हरकतीचा कोरा अर्ज पुढं सरकवला. आजोबांच्या नखावर निवडणुकीची शाई अजून होती. मैदानात कुणाचंच घर नसतं, म्हणून त्याच्यासाठी भांडायलाही कुणी येत नाही. आजोबांनी ते पिवळं तळहातानं झाकून धरलं. जाताना हात काढावाच लागला.