शनिवारची पुरुष संगती

आमच्या चर्चमधल्या पुरुष संगतीला लोक ‘चहा-बिस्किटांची सभा’ म्हणतात. म्हणू द्या. शनिवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण बाक गोल मांडून बसतो. प्रत्येकाने प्रार्थनेसाठी एक विषय सांगायचा. विषय नेहमी दुसऱ्याचाच निघतो. भावाचा गुडघा, मेहुण्याची नोकरी. परवा मात्र शांतवनकाका, आमचे निवृत्त ड्रायव्हर, खाली बघत म्हणाले, “आज माझ्यासाठी करा. आमची ही गेल्यापासून घर खायला उठतं.”

कोणी बायबलमधलं वचन काढलं नाही, उपदेश केला नाही. शेजारच्याने त्यांचा हात धरला आणि चहा पार थंड झाला तरी सोडला नाही. एका पुरुषाने दुसऱ्याचा हात असा धरलेला मी कुठेच पाहिला नव्हता, कबरस्तानातही नाही. अशी दुसरी जागा दाखवा, मग खुशाल हसा.