इंजिनाच्या खोलीतले पाचारण

त्या वर्षी दिवाळीनंतर मी आतून फार अस्वस्थ होतो. वयाची पंचेचाळिशी उलटली होती. मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळ माझे बोटींची इंजिने दुरुस्त करण्याचे छोटे दुकान होते आणि त्या काळात यांत्रिक बोटी वाढत चालल्यामुळे कामाला तोटा नव्हता. मुलगी मिरजेला नर्सिंग शिकत होती, घरी आम्ही दोघेच. बाहेरून पाहणाऱ्याला माझे सगळे ठीक चालले आहे असेच दिसत असणार. पण सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना रोज एकच विचार मनात येई, की प्रभूने मला ज्यासाठी जगात आणले ते काम हे नव्हे, आणि दिवस तर संपत चालले आहेत.

या विचाराचे मूळ जुने होते. माझ्या आधीची भावंडे तान्हेपणीच गेली. मी जगलो, तेव्हा वडिलांनी मला चर्चमध्ये जमलेल्या मंडळीसमोर उचलून धरले आणि हा मुलगा प्रभूच्या सेवेसाठी दिला, असे सर्वांदेखत सांगितले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. शाळा संपल्यावर पाळकाचे शिक्षण घ्यायला गेलोही, आणि वर्षभरात परत आलो. तिथे मला कोणी काही बोलले नव्हते. पण शिक्षक शिकवत असताना माझे कान बाहेरच्या पाण्याच्या पंपाकडे असत, आणि तो अडखळू लागला की माझे वर्गात लक्ष लागत नसे. परत आल्यावर वडिलांनी एका शब्दानेही विचारले नाही. त्यांनी रागावून घेतले असते तर मला पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे जरा सोपी गेली असती.

दिवाळीनंतर मीच पाळकसाहेबांना गाठले आणि प्रचारकाचे काही काम असेल तर मला द्या, असे म्हणालो. ते वयस्कर आणि मोकळ्या स्वभावाचे होते. ते हसून म्हणाले, की तुम्ही उपासनेला येता ते नाताळात आणि ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, आणि आता एकदम उपदेश करायलाच निघालात? मग माझा चेहरा पाहून गंभीर झाले. घाटावरच्या एका खेड्यात जागा रिकामी होती. तुमचे नाव सुचवतो, पण नीट विचार करून पुढच्या रविवारी उपासनेनंतर मला उत्तर द्या, असे त्यांनी सांगितले.

घरी सांगितले तेव्हा पत्नी तांदूळ निवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "तुम्ही देवाकडे निघालाय की दुकानातून पळताय, तेवढं मला नीट सांगा. मग मी सामान बांधते." मला तिचा राग आला.

आमच्या धक्क्यावरच्या बहुतेक बोटी हाकणारे तांडेल मुसलमान. शुक्रवारी त्या समुद्रावर जात नाहीत, मग हंगाम कितीही जोरात असो. त्यामुळे इंजिनांची सगळी मोठी कामे शुक्रवारी निघत आणि तो माझा सर्वांत धावपळीचा दिवस असे. रविवारी त्याच बोटी समुद्रावर असत, त्यातली एखादी काहीतरी बिघडवून परत येई, आणि मी दुकानात हजर असे. मला वारच नव्हता. सगळे दिवस सारखे झाले होते.

त्या शुक्रवारी इब्राहिम तांडेलांच्या बोटीचे काम होते. साठीच्या पुढचे, किरकोळ बांध्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. बोटही त्यांचीच. डिझेलच्या टाकीत गाळ साचला होता. मी टाकी सोडवून धुतली, नळ्या साफ केल्या, पुन्हा जोडल्या. हात चालत होते, पण मन रविवारच्या उत्तरात गुंतले होते. त्या खेड्यात पहिले प्रवचन कशावर करायचे, याची जुळवाजुळवसुद्धा मी करत होतो. काम उरकल्यावर तांडेल म्हणाले, की बाहेर एक फेरी मारून बघू, पण जुम्म्याच्या नमाजाला मला परत यायला हवे. बांग व्हायच्या आत तुम्ही धक्क्यावर असाल, असा शब्द मी दिला. आम्ही दोघे आणि त्यांचा पुतण्या सलीम, असे निघालो.

भगवती बंदराच्या पुढे, दीपगृहाची टेकडी मागे पडल्यावर इंजिन घुसमटल्यासारखे झाले आणि बंद पडले. नळीत हवा राहिली असेल म्हणून मी ती काढली. इंजिन सुरू झाले, थोडे चालले आणि पुन्हा गप्प. पुन्हा हवा काढली, फिल्टर खोलून बघितला, पंप तपासला. दर वेळी ते सुरू होई आणि मला आशेला लावून बंद पडे. सलीमने नांगर टाकला. वरून डोकावून तो म्हणाला, "मिस्तरी, आज ते तुमचं ऐकत नाय. तुमच्या येशूला सांगून बघा." तांडेलांनी त्याला गप्प बसवले. पण त्याचे बोलणे मला लागले, कारण मी कोणालाच काही सांगितले नव्हते. मी फक्त पाना फिरवत होतो आणि घामाने निथळत होतो. ऊन डोक्यावर आले. धक्क्यावर नमाजाची वेळ होऊन गेली हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी वर येऊन तांडेलांची माफी मागितली. माझ्यामुळे तुमचा जुम्मा चुकला, असे म्हणालो.

"ते माझं नि अल्लाचं," ते म्हणाले. "त्यात तू पडू नको." मग त्यांनी विचारले, "आमचा शुक्रवार. तुमचा वार कुठला?"

"रविवार," मी म्हटले.

"मग रविवारी तुझं दुकान उघडं कसं? मी बघतो की येताजाता."

"काम असतं, तांडेल."

"मासळी काय शुक्रवारी झोपते?" ते म्हणाले. सलीम हसला. तांडेल हसले नाहीत. "मी आता इथंच नमाज पढतो. तोवर इंजिनाला हात लावायचा नाय. तू पण बस जरा."

समुद्राच्या पाण्याने हातपाय धुऊन ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. सलीमही त्यांच्या मागे उभा राहिला. मी पलीकडे दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो. इंजिन बंद असले की समुद्रावर किती शांत असते हे मी आयुष्य बोटींवर काढूनही विसरलो होतो. मी डोळे मिटले. एरवी मी प्रार्थना करायचो ती फौजदारासमोर उभ्या राहिलेल्या माणसासारखी. काय चुकले, का चुकले, पुढे कसा नीट वागेन. त्या दिवशी सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. इंजिन बंद, शब्द मोडलेला, एका भल्या माणसाची उपासना चुकवलेली. मी एवढेच म्हणालो, प्रभू, मी इथे आहे.

आणि मग, मी मुद्दाम न आणता, एक विचार मनात आला. प्रभू येशूने उपदेशाला सुरुवात केली त्याआधी नासरेथात त्याने किती वर्षे सुतारकाम केले असेल. त्या वर्षांबद्दल शास्त्र जवळजवळ काहीच सांगत नाही. कोणाचे दार, कोणाचा नांगर, कोणाची चौकट. ती वर्षे वाया गेली असे पित्याने म्हटले असेल काय? हा प्रश्न मला कुणीतरी अगदी प्रेमाने विचारल्यासारखा वाटला, आणि त्याच्याबरोबरच दुसरा: आज सकाळी टाकी जोडताना तू कुठे होतास?

नमाज संपल्यावर मी खाली गेलो. काही ठरवून नव्हे, डिझेल किती उरले एवढे बघावे म्हणून टाकीचे झाकण फिरवले. झाकण सैल होताच टाकीने सूं करून हवा आत ओढली. मला लगेच कळले. काम चालू असताना मासळीचे खवले आणि खारे पाणी आत जाऊ नये म्हणून आम्ही मिस्त्री लोक प्रत्येक उघड्या नळीत चिंधी कोंबतो, आणि जोडताना काढतो. टाकीला हवा पुरवणाऱ्या बारीक नळीतली चिंधी मी काढलीच नव्हती. हवा नाही म्हणून डिझेल पुढे सरकत नव्हते. इतक्या वर्षांत ही चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. झाली ती मी देवासाठी प्रवचन जुळवत असताना.

ती चिंधी मी गुपचूप खिशात घालू शकलो असतो. वर नेऊन तांडेलांना दाखवली आणि सगळे सांगितले. सलीमला हसू आवरेना. तांडेलांनी चिंधी निरखून पाहिली आणि ते म्हणाले, की आता इंजिन चालू कर, भूक लागली. परतीच्या वाटेवर इंजिन एकदाही बंद पडले नाही.

त्या दुपारी जे झाले त्याचा अर्थ मी कोणाशी वाद घालून सांगणार नाही. झाकण केव्हातरी उघडले गेलेच असते, असे कोणी म्हणेल, आणि त्यालाही मी नाही म्हणणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की बंद पडलेल्या त्या बोटीवर एका मुसलमान तांडेलाच्या तोंडून प्रभूने मला माझ्या वाराबद्दल विचारले, आणि माझ्या कामाबद्दलही. मी समजत होतो की मी त्याच्यापासून पळून इंजिनांकडे गेलो. तो तर तिथेही होता. नव्हतो तो मीच.

घरी आल्यावर पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पळत होतात." मी हो म्हटले. तिने जेवायला वाढले.

रविवारी दुकानाच्या फळ्या लावलेल्याच राहिल्या. पाळकसाहेबांना मी नम्रपणे नकार दिला आणि का ते सांगितले. ते म्हणाले, की घाटावर दुसरे कोणीतरी मिळेल, पण या धक्क्यावर आमचा माणूस तुम्हीच आहात. पुढे धक्क्यावर माझी थट्टा पुष्कळ झाली. मिस्त्री आता साहेब झाला, सुट्टी घेतो, असे टोमणे आले. काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, काही रागावून का होईना सोमवारी आली. मी डगमगलो नाही. उरलेले दिवस आता मला संपत चालल्यासारखे वाटत नाहीत, दिल्यासारखे वाटतात. त्यासाठी मी प्रभूचा आभारी आहे, आणि इब्राहिम तांडेलांचाही.

त्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते, प्रभूच्या आठवणीने भाकर घेण्याचा विधी. कित्येक वर्षांनी मी पुढे जाऊन गुडघे टेकले. घरी साबणाने पुष्कळ घासूनही तळहाताच्या रेषांतले काळे तेल निघाले नव्हते. पाळकसाहेब जवळ आले तसा मी सवयीने हात मागे घेऊ लागलो, आणि मग घेतला नाही. तळहात उघडा धरला. त्यांनी भाकर त्या काळ्या रेषांवर ठेवली.