धुरपताबाईचं जेट

आमच्या शेजारच्या काकांना ‘नको’ म्हणण्याइतकी मोठी चूक अख्ख्या पूर्णा गावात दुसरी नव्हती. डॉक्टरांनी चहा बंद केला, तर काका त्यांच्याच दवाखान्यासमोरच्या हॉटेलात बसून बशीत ओतून भुरके मारत. न्हाव्यानं मिशी शोभत नाही म्हटलं; ती त्यांनी पार गालभर वाढवली. स्वतः रेल्वेत नोकरीला, पण गाडी सुटून गेली की ‘चूक गाडीची आहे’ असं शांतपणे सांगत.

अशा माणसाला दुबईहून आलेल्या साडूनं एक खोकं दिलं. वर झेपावत्या लढाऊ जेट विमानाचं चित्र, आत प्लास्टिकचे नखाएवढे सुटे भाग. साडू हसून म्हणाला, “जोडायचं काम लय अवघड हाय. तुमच्यानं व्हायचं न्हाई.” झालं! महिनाभर पाटावर विमान आणि ताट मांडीवर. काकू हाका मारून थकल्या की आतून उत्तर येई, “थांब गं, पंख वाळायलेत!” एक चाक कोंबडीनं गिळलं, तिथं काकांनी शर्टाचं बटण बसवलं. वैमानिकाला स्वतःसारखी मिशी रंगवली. आणि शेपटीवर परदेशी चिन्हं न चिकटवता लाल रंगात लिहिलं: धुरपताबाई. ही त्यांची आई. पेडगावात लोकांची शेरडं राखून तिनं त्यांना शिकवलं होतं.

गणपतीत कॉलनीच्या मंडळानं हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे, नावाचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणत. मंडळाचे सेक्रेटरी शेपटी पाहून चपापले. “काका, शेरडं राखणाऱ्या बाईचं नाव लढाऊ विमानाला? ते पुसा, ‘वज्र’ लिहा. न्हाईतर टेबल मिळणार न्हाई.”

“टेबल तुमचं हाय, माय माझी हाय,” काका म्हणाले. “नाव पुसायचं न्हाई.”

त्यांनी मंडपाबाहेर लिंबाखाली स्टूल मांडलं, त्यावर विमान ठेवलं आणि शेजारी खुर्चीवर आईला बसवलं. संध्याकाळपर्यंत आतल्यापेक्षा बाहेर गर्दी जास्त. सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणाले, “चला काका, आत घ्या आता.” काकांनी मान हलवली. “इथं वारं चांगलं हाय.”

गर्दी पांगल्यावर म्हातारीनं हळूच विचारलं, “ह्यात माजं नाव कुठं हाय रं?” तिला अक्षरओळख नव्हती. काकांनी तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. गावाशी भांडणारा माणूस, पण तेवढं नाव त्यांनी हळू आवाजात वाचून दाखवलं. म्हातारीनं बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं.

“आजून एकदा वाच,” म्हणाली.