पांढरं रेक्झिन

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही. मला रडत बसायची सवय नाही, म्हणून झालं ते सरळ लिहिणार आहे. तरी सकाळपासून दोनदा उठून दाराची कडी पाहून आले. कोण येणार आहे? कोणी नाही. पण भीती अशीच आहे — आता ती घरातलीच झाली आहे.

वर्ध्यात आमचं मोटारींच्या गाद्या शिवायचं दुकान. नवरा गेल्यावर मशीन मी चालवू लागले. हात चांगला होता. नजर त्याहून चांगली — असं लोक म्हणत, आणि मला ते आवडे. गुन्हा तिथूनच सुरू होतो, असं आता वाटतं.

गावातल्या पैसेवाल्या वसंतरावांनी देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाची जुनी स्पोर्ट मोटार घेतली. लाल, उघडी, दोघांपुरती. चालवणाऱ्याच्या समोरचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला होता, त्याला नवं आवरण हवं होतं. मी तीन तुकडे समोर टाकले — तपकिरी चामडं, इकडची काळी जाडीभरडी खादी आणि चकचकीत पांढरं रेक्झिन. त्यांचा हात चामड्यावर गेला. मी म्हटलं, इथल्या उन्हाळ्यात ते फुटेल. खादीत कापसाची धूळ बसेल. रेक्झिन घ्या, ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

"बाई, मोटार माझी का तुमची?" ते हसत म्हणाले.

"मोटार तुमची, नाव माझ्या दुकानाचं."

त्यांची बायको खळखळून हसली. ठरलं.

नवऱ्याने घालून दिलेली एक रीत होती. चिकटवलेलं काम गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी भर दुपारी उन्हात उभं करायचं — ऊन दाखवायचं, असं तो म्हणे. कडा सुटल्या तर तिथेच कळतं. मी नेहमी बाहेर उभी राहून अंगठ्याने कडा दाबून पाही. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे — चालवणाऱ्याच्या जागी बसले.

समोरच्या काचेत डॅशबोर्ड आरशातल्यासारखा उभा होता. पांढराफेक. सायीसारखा काचभर पसरलेला. उन्हातला रस्ता दिसत होता, पण पलीकडच्या कडुनिंबाची सावली पुसून गेली होती. त्या सावलीत शेजाऱ्यांची बकरी बांधलेली असते. मला ठाऊक होतं की ती तिथे आहे — आणि ती दिसत नव्हती. मान वाकडी केली, बकरी आली. सरळ बसले, बकरी गेली.

मी खाली उतरले.

खादी फळीवरच होती. अर्ध्या दिवसाचं काम. मग का नाही केलं? सांगते — तेवढ्यात ते दोघं आले. बायकोने डॅशबोर्डवरून हात फिरवला, म्हणाली, "नवरीसारखी दिसते हो!" वसंतराव म्हणाले, "बाई, तुमचं ऐकलं तेच बरं झालं." आणि मी — काचेकडे पाठ करून — म्हणाले, "सांगत होते ना मी?"

एवढंच बोलले. मोटार गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेलूच्या रस्त्यावर, चिंचांच्या दाट सावलीत, ती कापूस वाहणाऱ्या गणपतच्या बैलगाडीवर आदळली. एक बैल जागीच मेला. गणपतचं मनगट मोडलं. वसंतरावांना खरचटलंही नाही. ते म्हणत राहिले, गाडी एकदम समोर आली. एकदम कशी येईल? बैलगाडी कधी एकदम येते का? पण कोणी विचारलं नाही. गाडीवान झोपला असेल, बैल रस्त्याच्या मधे आले असतील — सगळ्यांना ते पटलं.

पोलिसांचा जमादार दुकानात आला. मोटारीत काही खोट होती का? मी सुईत दोरा ओवत होते. तो ओवला जाईना. "नाही," म्हटलं.

मोटार गाद्यांच्या दुरुस्तीला परत आली, तेव्हा मी दार लावून ते पांढरं रेक्झिन खरवडून काढलं आणि त्या जागी काळी खादी चिकटवली. फाटलं होतं, असं सांगितलं. काढलेले तुकडे चुलीत घातले. असा घाण धूर झाला की शेजारीण विचारायला आली. काय जाळता, म्हणाली. चिंध्या, म्हटलं.

मग कितीतरी दिवसांनी गणपतची बायको आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाई, तुमी त ती मोटार पाह्यली होती. आमचा मानूस म्हने, मी झोपलोच नवतो. पन सारे लोक म्हन्तेत झोपला. आता त त्यालेबी तसंच वाटून राह्यलं. रातचा उठून मलेच इचारते, मी झोपलतो काय वं? तुमीच सांगा, काय सांगू त्याले?"

ती भांडायला आली नव्हती. माझ्याकडे नुसतं खरं मागत होती, आणि ते साऱ्या जिल्ह्यात माझ्या एकटीकडे होतं. मी तिच्याकडे पाहिलं — मला फक्त जमादार दिसला, बंद पडलेलं दुकान दिसलं.

"झोपला असेल," मी म्हणाले. "दुपारचा डोळा लागतोच."

ती मान हलवून गेली.

बाजाराच्या दिवशी गणपत अजून माझ्या दुकानावरून जातो. दुसरा बैल आणला आहे. पण स्वतः गणपत गाडीत बसत नाही. कापूस भरलेला असो की गाडी रिकामी, भर उन्हात कासरा धरून बैलांच्या बाजूने चालतो. लोक हसतात — "काऊन गा गणपत, गाडी काय पूजेले ठेवली?" तो म्हणतो, "बसलो का डोया लागते मायावाला."

त्याचा डोळा लागत नाही. त्या दिवशीही लागला नव्हता. तो जागा होता.