चेनाईच्या खोलीतला दिवा

केरेसिया म्हातारीची सगळी हयात चिटुंग्विझा शहरात दारापुढे टोमॅटो विकण्यात गेली. पोरं कशापायी बिघडतात, तेही तिच्या डोळ्यांदेखत बदलत गेलं. तिच्या लहानपणी भाऊ लग्नातल्या माठाच्या तळची बिअर चोरून प्यायचे आणि बापाचा मार खायचे, तेवढ्यावर भागायचं. मग गांजा आला. तिचा लेक टपफुमा तर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवायचा आणि भिंतीला टेकून दिवसभर पेंगायचा. शेवटी तो गेलाच. त्याची बायको सीमेपलीकडे कामाला म्हणून गेली, ती परतली नाही. मागे राहिली पोर, चेनाई.

आताचं खूळ म्हातारीच्या डोक्यावरून जायचं. कसले खडे म्हणे काचेत तापवून ओढतात. आणि काच कुठली, तर लोकांच्या बल्बांची! गल्लीतल्या ओसऱ्यांवरचे बल्ब एकेक करून नाहीसे झाले. शेजारीण रडकुंडीला आली, तेव्हा केरेसियाने तिलाच झापलं, की बल्ब बाहेर ठेवतेसच कशाला? स्वतः ओसरीचा बल्ब काढून, फडक्यात गुंडाळून उशाशी घेऊन झोपायची. चोर बाहेरूनच येणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

इकडे चेनाईच्या ताटात साड्झाचा, मक्याच्या पिठाचा गोळा तसाच राहायचा. झोप तर तिला नव्हतीच. परीक्षा आहे, म्हणायची. म्हातारीला तेच ऐकायला हवं होतं.

आठवडाभर वीज नव्हती. सगळ्यांचं मेणबत्तीवर चाललं होतं. एका संध्याकाळी गल्लीतल्या पोरांनी "आली, आली!" म्हणून गलका केला आणि घराघरांत उजेड पडला. चेनाईची खोली तेवढी काळोखी राहिली.

उडाला असेल, असं मनाशी म्हणत म्हातारी मेणबत्ती घेऊन खुर्चीवर चढली. होल्डर रिकामा होता.

"फुटला तो, अंबुया," दारातून चेनाई आजीला म्हणाली. "टाकून दिला."

"कधी?"



केरेसियाला टपफुमा आठवला. त्याला तिने भीतीपोटी कधी काही विचारलंच नव्हतं. ती खुर्चीवरून उतरली, उशाशी ठेवलेला बल्ब आणून तिथे लावला. लख्ख उजेड पडला. चेनाईचे ओठ भाजल्यासारखे काळे पडले होते, गालफडं बसली होती. सोळा वर्षांची पोर! आणि रोज समोर असून आपल्याला हे दिसू नये?

"तू जा झोपायला," चेनाई म्हणाली.

"नाही जात. तुझ्या बापाच्या वेळी जात होते."

म्हातारीने चटई ओढून दाराशी आडवी टाकली. पोटच्या लेकाची पोर, आणि आज तिचंच भय वाटत होतं.

"चेने, माझ्याकडे बघ बाळा."

चेनाईने बघितलं नाही. तिची नजर वर, बल्बावर खिळली होती.