बाटली आपली, गिलास त्यांचा

फोन आला तेव्हा मी शिरपूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात वाशीमच्या गाडीची वाट पाहत चहा घेत होतो. वहिनीचा फोन. "भाऊजी, तुमी या," एवढंच म्हणाल्या त्या, आणि पुढं काही बोलायची गरजच पडली नाही. एसटीत अख्खी नोकरी कंडक्टर म्हणून काढली, पण चहा अर्धा टाकून मी कधी उठलेलो नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला तरी बशीत ओतून संपवायचो. त्या दिवशी मात्र कप तसाच राहिला. वाशीमला पोहोचलो तर दादा खुर्चीतच होता. सकाळी फिरून आला, बूट काढायला व्हरांड्यात बसला, एका बुटाची नाडी सोडली आणि दुसऱ्या बुटाला हात लागायच्या आत गेला. माझा थोरला भाऊ, प्रल्हाद. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या काठाकाठानं आयुष्यभर चालला, आणि गेलासुद्धा चालून आल्यावरच.

दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मेलबर्नहून त्याची मुलगी प्रज्ञा आली, रडली, परत गेली. आणि मला मात्र कुठं बसवत नाही. घरात बसलो की वाटतं बाहेर जावं, बाहेर गेलो की वाटतं घरी कोणी वाट पाहत असेल. बायको म्हणते, "लिवा तरी काही त्याहीच्यावर, मन लागन." लिहायला बसलो तर तेवढ्यात दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. पायाला भिंगरी दादाच्या होती, आता ती मला लागलीय असं दिसतं.

पायाला भिंगरी असली तरी दादाला घरात, शेतात, साइटवर घटकाभर निवांत बसलेलं मी पाहिलंय. हॉटेलात मात्र कधीच नाही. माझ्यासारख्याचं तर हॉटेल म्हणजे दुसरं घर. कोणत्या गावी कोणाची भजी चांगली हे मी झोपेत सांगेन. दादा हॉटेलात शिरायचा ते उठायच्या तयारीनं. कडेची खुर्ची, नजर दारावर, पुढ्यात येईल ते भराभर खायचं आणि बाकीच्यांचे हात धुऊन व्हायच्या आत पैसे देऊन बाहेर. त्यात त्याचा एक नियम होता. हॉटेलात शिरताना हातात आपलं काही न्यायचं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा गाडीत ठेवायची, मग बाहेर मे महिन्याचं ऊन असो. वहिनीनं लेकरासाठी डब्यात धपाटे घेतले असतील तर लिंबाखाली उभं करून आधी ते खायला लावायचा, डबा गाडीत ठेवायचा आणि मगच आत. आम्ही हसायचो. "काहून रे दादा?" विचारलं तर म्हणे, "नाई न्याचं म्हणजे नाई न्याचं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

एकदा मात्र मी हसलो नाही, चिडलो. मी रिटायर झालो तेव्हा सोबत्यांनी हिंगोली रोडवरच्या ढाब्यावर पार्टी ठेवली. आता आमच्याकडच्या ढाब्यांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतीवर दारू पिण्यास मनाई असल्याची पाटी, आणि तिच्याच खाली ज्यानं त्यानं पिशवीतून आणलेली आपापली बाटली. ढाबेवाला गिलास देतो, कांदा कापून देतो, आणि पाटीकडं पाठ करून उभा राहतो. दादाला मी आग्रहानं बोलावलं होतं. तो पिणाऱ्याला नावं ठेवणारा नव्हता. पंचशीलातल्या पाचव्या, मद्य वर्ज्य करणाऱ्या शीलावरून त्याचा स्वतःशीच वाद चालायचा, आणि प्रज्ञानं आणलेली वाइन घरी घोटभर घेतली की तो वाद त्या दिवसापुरता मिटायचा. पण ढाब्यावर माझ्या ड्रायव्हरनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि दादा उठला. बाहेर बाजेवर जाऊन बसला. मी मागं गेलो. "कायले आलता मंग? माह्या चार माणसायत माही इज्जत घालवाले?" तो म्हणाला, "तू बस ना. मी बसलो नाई म्हणून तुह्यं काय अडते?" आणि अंधारात वाशीमच्या दिशेनं चालायला लागला. कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही.

गेल्या वर्षी प्रज्ञानं सांगितलं की तिनं तिकडं मुलगा पसंत केलाय. मार्को नाव. त्याचे आजीआजोबा इटलीतून तिकडं गेलेले. त्याच्या आईवडिलांना भेटायला दादा-वहिनींनी यावं असं ठरलं, पण वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून दादाचं शेपूट म्हणून मी गेलो. विमानातही तो बसला नाही. दोन्ही बाजूंच्या वाटांनी इतक्या फेऱ्या मारल्या की हवाईसुंदरीनं मला येऊन विचारलं, ह्यांना काही त्रास होतोय का. म्हटलं, बाई, हे जन्मापासूनच असे आहेत.

भेट एका छोट्या हॉटेलात ठरली होती. जाताना प्रज्ञानं दारूच्या दुकानासमोर गाडी थांबवली, एक लाल आणि एक पांढरी अशा दोन वाइनच्या बाटल्या घेतल्या आणि कागदी पिशवी दादाच्या मांडीवर ठेवली. हॉटेलाशी उतरल्यावर दादानं विचारलं, "हे कायले? तिथं भेटत नाई का?"

"नाई भेटत बाबा. इथं बऱ्याच हॉटेलायत आपली बाटली आपणच न्याव लागते. ते गिलास देतात, बूच काढून देतात, त्याचे थोडे पैसे घेतात."

मी मोठ्यानं हसलो. "म्हणजे आपला हिंगोली रोडचा ढाबाच की!" पण दादा हसला नाही. त्यानं पिशवी शेजारच्या बाकावर ठेवली, अगदी हळू, आणि म्हणाला, "मी येत नाई. तुमी जा."

प्रज्ञाला आधी ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. आत काचेपलीकडं मार्को आणि त्याचे आईवडील बसलेले दिसत होते. म्हाताऱ्यानं कोट घातला होता, बाई पुन्हा पुन्हा दाराकडं पाहत होती. "बाबा, ते लोक किती लांबून गाडी चालवत आले. तुमी आज आत नाई आले तर त्याहीले वाटन, तुमाले हे पसंतच नाई. मी काय सांगू त्याहीले?" ती डोळे पुसत, गाडी लावायला जागा शोधत होतो असं सांगायला एकटीच आत गेली.

मग मी सुटलो. रस्ता परका, वारा बोचरा, पण तोंड आपलं होतं. म्हटलं, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तू इथं तुझे नेम पाळून राह्यला? माझ्या पार्टीत केलं ते केलं, हिच्या तरी नको करू. दादा फुटपाथवर येरझाऱ्या घालत होता. थांबला. माझ्याकडं न पाहता बोलायला लागला.

"आपल्या गावात फाट्यावर हॉटेल होतं. तुह्या जन्माच्या आधी. आपले बाबा चहा पे तिथं. चहा त्याहीचा, कप आपला. मांगच्या बाजूनं बाभळीले खिळे ठोकले होते, त्याले आपल्या लोकायचे कप टांगलेले राहत. ज्याचा त्यानं काढाचा, दुरून पुढं कराचा, ते वरून ओतत. पेला की आपणच धुवाचा अन् टांगाचा. मी शाळेत जाले लागलो तवा बाबानं मले माहा कप घिऊन देल्ला. निळ्या फुलाचा. मले लय खुशी झालती बबन. माहा कप हाती धरून नाचत नाचत गेलो मी बाबासंग. तिथं गेल्यावर खिळा पाह्यला."

मी त्याच्याहून बराच धाकटा. मला कळायला लागलं तोवर ते हॉटेलही नव्हतं आणि ती बाभूळही. घरात ह्याचा कधी उच्चार झाला नाही. एवढी वर्षं मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो तो काय होता ते त्या थंडीत मला कळलं. बाबांचा फार राग आला मला. का आला ते अजून नीट सांगता येत नाही. नवा कप घेऊन द्यायचा तर निळ्या फुलांचा कशाला घेऊन द्यायचा?

दारात प्रज्ञा उभी होती. कधी बाहेर आली ते आम्हांला कळलं नाही, पण तिनं सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि म्हणाली, "चला बाबा, घरी जाऊ. मी त्याहीले सांगते, आज नाई जमत."

"काय सांगशील?"

"काईबी सांगीन. तुमी चला."

ती खरंच पर्समधून गाडीची किल्ली काढायला लागली. मला वाटतं, त्या किल्लीनंच काम केलं. पोर त्याच्यासाठी आपली मांडलेली पंगत मोडायला निघाली होती. दादा म्हणाला, "थांब जरा. पाहू दे मले." आणि काचेला नाक लागेल इतका जवळ जाऊन आत पाहू लागला.

तो एकेक टेबल पाहत होता. "त्या कोपऱ्यातल्यानं बी आणली... त्या बाईनं बी. तो टाय घातलेला साहेब दिसते, त्यानं बी?" मी म्हटलं, सगळेच आणतात दादा, तेच तर सांगून राह्यलो. "हौ, पण गिलास?" त्यानं विचारलं. तेवढ्यात एक टेबल उठलं. वाढणाऱ्या मुलीनं उष्टे गिलास गोळा केले, मागं घेऊन गेली. थोड्या वेळानं धुतलेल्या गिलासांचा ट्रे आला आणि त्यातलेच नव्या आलेल्यांच्या पुढं मांडले गेले, कोणते कोणाला ते न पाहता. दादा ते डोळे फाडून पाहत राहिला. "बाटली आपली, गिलास त्याहीचा," तो स्वतःशीच म्हणाला. "उलटं हाये बबन हे. सारं उलटं हाये." मग त्यानं बाकावरची पिशवी उचलली आणि आमच्या पुढं चालत आत गेला.

आत काय गप्पा झाल्या ते फारसं आठवत नाही. मार्कोच्या वडिलांना ऐकू कमी येत होतं आणि दादाचं इंग्रजी खात्याच्या पत्रव्यवहारातलं, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं. एक मात्र आठवतं. वाइन ओतल्यावर दादानं गिलास उजेडात धरला आणि प्रज्ञाला म्हणाला, "ह्या गिलासात काल कोण पेलं, इचार तिले." प्रज्ञा लाजेनं अर्धी झाली, पण विचारलं तिनं. वाढणाऱ्या मुलीला वाटलं गिलास खराब निघाला. ती माफी मागत तो उचलायला आली. दादानं गिलासावर हात ठेवला. "नाई. हाच पाह्यजे." आणि प्याला. त्या संध्याकाळी त्यानं दाराकडं एकदाही पाहिलं नाही. बाकीच्या खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवल्या तरी आमच्यातला एकच माणूस उठायला तयार नव्हता, आणि तो दादा होता.

पुढं मुक्काम संपेपर्यंत त्यानं आम्हांला पळवलं. आज व्हिएतनामी, उद्या लेबनीज, परवा आणखी कुठलं. बाटली स्वतः निवडायचा, कागदी पिशवी छातीशी धरून आमच्यापुढं चालायचा, बूच काढायचे पैसे मोजताना ओवाळणी घालतोय असा चेहरा करायचा. प्यायचा तेवढीच घोटभर. बाकीची आम्ही संपवायची. मी कंटाळून म्हणायचो, "एक दिवस घरी बसू दे रे बाप्पा." तो म्हणे, "बसलोच होतो ना रे इतके वर्ष."

गेल्या रविवारी वाशीमला गेलो. त्याचं काहीतरी जवळ असलं की जीव थाऱ्यावर येईल असं वाटलं. घड्याळ प्रज्ञानं नेलं, बूट माझ्या पायात येत नाहीत. वहिनीला म्हटलं, त्याचा पाणी प्यायचा गिलास द्या मला.

वहिनीनं भांड्यांच्या मांडणीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "कोणता देऊ भाऊजी?"

"रोजचा त्याचा असन तो."

"तिकडून आले अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याहीनं मांगच्या खिडकीतला गिलास उचलला. मंदाबाईचा. भांडे घासाले येते ना, तिचा चहा-पाण्याचा येगळा राहे तिथं. सारेच ठेवतात, म्या बी ठेवला होता, कधी मनात बी आलं नाई. त्याहीनं तो सोता घासला अन् ह्या साऱ्यायमंधी टाकून देल्ला. सारे एकासारखेच आहेत, स्टीलचे. मी भांडली, आता वळखाचा कसा? तर म्हणे, वळखू येऊ नाई म्हणूनच टाकला." पदरानं त्यांनी डोळे पुसले. "तवापासून ज्याच्या हाती जो लागला तो त्याचा. त्याहीचा असा कोणताच नाई."

मंदाबाई मोरीपाशी भांडी घासत होत्या. हात धुऊन उठल्या, मांडणीतला एक गिलास घेतला, माठातलं पाणी प्याल्या आणि तो ओट्यावर ठेवून परत कामाला लागल्या. मी तोच उचलला, विसळला, पाणी भरलं आणि व्हरांड्यातल्या त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. वहिनी आत कोणाला तरी सांगत होत्या, भाऊजी जेवूनच जातील.